शाळाच नाई, तं सुट्टी कायची?

...अन् वरून इचारनार काय, तं "काऊन वो रंजिता, लेकरायले सुट्ट्या लागल्या का?" आता तुम्हीच सांगा मंडळी, जे पोट्टे शाळेत जातच नाई त्याइले सुट्टी लागन कशी? पन नाई! वर्ध्याजवळच्या आमच्या सिंदी मेघेत एप्रिल लागला का जो भेटन तो हेच इचारते. दूधवाला इचारते, पीठगिरनीवाला इचारते, डॉक्टर पोट्टीची जीभ पाह्यता पाह्यता इचारते! रंजिता बिचारी पयले समजावून सांगे, "नाई जी, आमी घरीच शिकवतो." मंग समोरचा असा पाहे, जसे हिनं पोट्टे खाटीले बांधूनच ठेवले! शेवटी समजावनं सोडलं तिनं. आता इचारलं का सरळ तोंडावर म्हन्ते, "शाळाच नाई, तं सुट्टी कायची?"

आता तुम्ही म्हनान, हे रंजिता कोन? अहो, आपल्या प्रफुलची बायको! वांगी अन् सांभार, म्हंजे तुमची कोथिंबीर हो, पिकवते अन् वर्ध्याच्या बजारात विकते, तो प्रफुल. दोन लेकरं त्याइले... नयन आठ वर्साचा, अन् सुरभी लहानी, पाचाची. आता नयनले शाळेत टाकलंच नव्हतं असं नाई बरं! टाकलं होतं. पोट्टा असा बोलका, का कावळा दिसला तं त्याच्यासंगबी गप्पा हानन! शाळेत गेला, अन् तिथं काय? "बोलू नको! तोंडावर बोट!" दिवाळी येता येता घरीबी बोलनं बंद. एक दिवस जेवताना रंजितानं इचारलं, "वरन वाढू का रे राजा?" तं पोट्ट्यानं काय करावं? तोंडावर बोट ठेवलं! स्वतःच्या घरी! स्वतःच्या मायसमोर! त्या बाईच्या हातातला डाव हातातच राह्यला. दुसऱ्या दिवशी तिनं दफ्तर खुंटीले लटकवलं अन् साऱ्या खानदानासंग भांडन घेतलं.

खानदान म्हंजे मुख्य सासू, शकुंतलाबाई. "घरी ठेवतो म्हन्ते! काऊन, पापडासारखे गच्चीवर वाळू घालतं का लेकरं?" तरी रंजिता हालली नाई. अन् पोट्टा? दोन-तीन महिन्यानं हळूच बोलाले लागला... पयले कावळ्यासंग, मंग घरच्याइसंग.

पन उन्हाळा आला का खरी मजा! दुसऱ्याइचे पोट्टे मोबाइल घेऊन लंबे पडून राह्यतात, अन् रंजिताच्या अंगात येते! पळसाची फुलं वाळवून ठेवली होती, त्याचा रंग काढला... आजीचं पांढरं पातळ केशरी! कुरडया घालता घालता मोजनं शिकवाचं होतं, तं सुरभीनं अर्धा चीकच खाऊन टाकला. मंग मोजाचं काय, पोट्टीचं पोट? टरबुजाच्या बिया पेरनं झालं, पाखराइले पान्याचे गडू टांगनं झालं, जुन्या गोणपाटाच्या चवाळ्याचा तंबू झाला... अन् शेजारची कुसुमबाई भितीवरून वाकून, "सुट्टीतबी शिकवतं का वो लेकरायले?" रंजिता गच्चीवरूनच म्हन्ते, "शाळाच नाई, तं सुट्टी कायची!"

तर अशा या मे महिन्यात आर्वीवरून नणंद आली, सपना. संग तिचा आदेश. दहा वर्साचा, मोठ्या इंग्रजी शाळेतला, अन् हाताले मोबाइल असा चिकटलेला, का वाटे आंघोळबी त्याच्यासकट करत असन. अजून चहाबी झाला नव्हता, तं सपना म्हन्ते, "वहिनी, मी वर्ध्याच्या शाळेत बोलून ठेवलं. दोन जागा पकडल्या. जूनमधी नाव टाकून देऊ."

"कोनाले इचारून?"

"आईले."

रंजितानं सासूकडे पाह्यलं. सासूनं वर पंख्याकडे पाह्यलं. पंख्याले काय माहीत?

"सपनाताई, नाव टाकाचं का नाई, ते मी पाहीन." एवढंच म्हनली ते. पन आतून भेली होती. काऊन का प्रफुलबी गप. तो तं भांडन पाह्यलं का वांग्याले पानी द्याले निंघून जाते. सारे एकीकडे झाले तं एकटी बाई किती दिवस पुरन?

अन् नेमकं दुसऱ्याच दिवशी... आता ऐका. ऊन कसं, तं कुत्रंबी सावलीतून उठून दुसऱ्या सावलीत जाले मांगे-पुढे पाहे! अशा उन्हात वर्ध्यात घरातला कर्ता मानूस कोन? बाप नाई, आजा नाई. कूलर! रंजितानं कूलर धुवाचा म्हनून वायर काढून ठेवला होता अन् वाळल्या कुरडया उचलाले गच्चीवर गेलती. खाली येते तं काय? कूलरच नाई! म्हंजे आहे, पन ओसरीभर आहे! वाळ्याच्या ताट्या इकडे, पंप तिकडे, पात्याची आंघोळ सुरभीच्या हातून सुरू, नयन मोटरीजवळ उकिडवा बसून, "हवा थंड होते कुठून, ते पाहून राह्यलो आई." अन् कोपरापर्यंत चिखलात कोन? आदेश! मोबाइल कुठं? कोनाले माहीत! पोट्टा हासत होता हो! आल्यापासून पयल्यांदा दात दिसले त्याचे.

तेवढ्यात आतून शकुंतलाबाई, घामानं निथळत, "कूलर काऊन बंद पडला वो?" आल्या, पाह्यलं, अन् दाराच्या चौकटीलेच टेकल्या. मांगून सपना, "पाह्य आई! शाळेत असते तं कूलर खोलला असता का?"

आता दुसरी बाई असती तं पोट्ट्याइले धपाटे देऊन मोकळी! रंजितानं काय केलं? पदर खोचला, खाली बसली अन् म्हनली, "तुमचा तं शाळेत जाते नं ताई? त्यानंबी खोलला. चला रे, खोलला तसा जोडा! वायरले मात्र हात नाई लावाचा, ते बाबा पाह्यतीन."

मंग काय! ताट्या बसल्या, पंप बसला, नट मांगे राह्यला, पुन्हा खोललं, पुन्हा बसवलं. प्रफुल बजारातून आला, त्यानं कूलर गल्लीकडच्या खिडकीत चढवला अन् मोठ्या ऐटीत मोटरचे वायर जोडले. बटन दाबलं. घर्रर्र! कूलर असा गरजला का सारे घरातले तोंडं पुढे करून समोर बसले. अन् हवा? येईच ना! उलट भितीवरचं कॅलेंडर फडफडत कूलरकडे चाललं, सुरभीचे केस कूलरकडे चालले... तेवढ्यात गल्लीतून आरोळी, "अरे बाप्पा प्रफुलभाऊ! काय गार हवा सोडली!"

मोटर उलटी फिरून राह्यली होती जी! घरातली हवा ओढे अन् थंडी करून गल्लीत फेके! घर भट्टी, अन् गल्ली महाबळेश्वर! लोकं जमा. कुसुमबाईनं तं खाटच आनून टाकली. शकुंतलाबाई तरातरा बाहीर गेल्या, "हाकलतो एकेकाले!"... दोन पावलं गेल्या, हवेचा झोत तोंडावर आला, थांबल्या. डोळे मिटले. मंग हळूच, "कुसुम, सरक बाई जराशी."

पन सपना कायची ऐकते! "हे पाह्य! शाळेत न गेलेल्या पोट्ट्याइचं काम!"

"वायर कोनं जोडले ताई?" रंजिता कडाडली. "बारावी पास बापानं!"

प्रफुल लगेच एका नटाकडे लय बारकाईनं पाहाले लागला.

अन् आदेशनं त्यातच तोंड उघडलं, "आई, मलेबी शाळेतून काढ नं!" झालं! सपना लालबुंद, फोन काढला. "आताच सांगतो शाळेत, नयन-सुरभीचं नाव पक्कं करा!" रंजिता धावली, पन तिच्या आंधी खाटीवरून आवाज आला.

"ठेव तो फोन."

शकुंतलाबाई! तिकडे नयन गल्लीतल्या लोकाइले हात हालवून हालवून सांगत होता, ताटी ओली काऊन लागते, हवा तिच्यातून कशी जाते, श्वास घ्याले थांबत नव्हता पोट्टा. शकुंतलाबाई त्याच्याकडे पाह्यत म्हनल्या, "त्या साली हा गप झालता नं सपना, तवा मले झोप लागत नव्हती. आता बोलून राह्यला. बोलू दे त्याले."

काय सांगू तुम्हाले! रंजिताचे डोळे भरून आले. एवढ्या वर्साचं भांडन, अन् जिंकली कुठं, तं उलट्या कूलरपुढं! छाती अशी फुगली... अन् नेमका तवाच नयन धावत आला, पदर ओढला.

"आई, मले शाळेत टाक."

घ्या! पायाखालची जमीनच गेली हो. "काऊन रे बाप्पू?"

"आदेशदादाले सुट्टी असते. त्याले काहीच करा लागत नाई. मले तं तू रोजच काईनाकाई कराले लावतं. मी म्हनतो सुट्टी दे, तं तू म्हन्तं, शाळाच नाई, तं सुट्टी कायची!"

"पन राजा, सुट्टी भेटाले आंधी सालभर शाळेत जा लागते नं."

पोट्ट्यानं इचार केला. चांगला डोकं खाजवून केला. अन् म्हनला, "मंग मले सुट्टीपुरतंच टाक."

सासूले पुरून उरली, नणंदेले पुरून उरली, साऱ्या सिंदी मेघेले उत्तर दिलं त्या बाईनं... पन याले काय सांगावं? उद्यासाठी मातीची खेळनी कराची म्हनून माती भिजवाले काढली होती, ते तशीच कोपऱ्यात सरकवली, गल्लीत आली, अन् खाटीवर टेकत म्हनली, "सरका जी आई... आजपासून मीच सुट्टी टाकली."