तिखट कान

शिट्टी? शिट्टी म्हणजे कशी — किटलीची, की कुणी तोंडानं वाजवावी तशी? बारीक. बरं. आणि कुठे येते, धृपदात की कडव्यात? सगळीकडे? अगं, सगळीकडे कशी येईल, शिट्टी काय मीठ आहे का — बस आधी. त्या स्टुलावर नको, ते डुगडुगतं, खुर्चीवर बस. आणि मागचं दार लोट. असं नाही, खांदा लाव, जड आहे ते. आत चिंध्या ठासल्यात, मीच ठासल्यात, माझे अर्ध्या आयुष्याचे जुने कपडे त्या दारात आहेत. हां. आता बोल. नाही बोलत? मग परवा माईकसमोर उभी राहिलीस तेव्हा एवढा आवाज कुठून आला होता? मला वाटलं होतं, ही पोरगी 'पाणी मिळेल का' हेसुद्धा अर्धं गिळून विचारते, ही काय गाणार — आणि पहिल्याच टेकला तू माझी मान वर केलीस. खोटं नाही सांगत. माझी मान हल्ली सहजासहजी वर होत नाही, दुखते.

तर शिट्टी. लावतो, ऐक — हे बघ, इथे तू श्वास घेतलास, तो मी ठेवलाय. बाकीचे काढून टाकतात, मग गाणारा माणूस आहे की पंप ते कळत नाही. आणि इथे, आता ऐक हं, इथे तुझं कानातलं हेडफोनला लागलं, टिक्. ते मी शोधून काढलं. इथे खालून ट्रक गेला होता, त्याची घरघर पुसली. म्हणजे ट्रक मला ऐकू आला, कानातलं ऐकू आलं, आणि शिट्टी तेवढी आली नाही? तूच सांग. येतेय का आता? येतेय? आत्ता, हे वाजतंय तेव्हा? हं. आणि पहिल्यांदा लक्षात कुणाच्या आली — धाकट्या भावाच्या. मग झालं! त्या वयात पोरांना आईची हाक सोडून सगळं ऐकू येतं.

रागावलो नाही गं. दमलोय. सकाळपासून लिफ्टचं काम करतोय — हसू नकोस, खरंच. 'दरवाजा बंद होत आहे, कृपया दूर उभे राहा.' एवढंच वाक्य. आवाज देणाऱ्या बाईंनी छान म्हटलं, मी छान साफ केलं, तर त्या लिफ्टवाल्यांचा निरोप आला, जरा प्रेमानं म्हणायला सांगा. दार बंद करताना प्रेमानं! मग त्या बाई परत आल्या, परत म्हटलं, मग म्हणे आता फारच प्रेम झालं. हे आमचं काम. 'म्युझिक प्रोड्युसर' म्हटलं की लोकांना वाटतं, पाय टेबलावर टाकून बसत असेल. मीच मालक, मीच हमाल. तारा मीच गुंडाळायच्या, चाल मीच बसवायची, गाणाऱ्याचा घसा बसला तर गरम पाणी मीच द्यायचं आणि त्याची आई रुसली तर तिलाही मीच द्यायचं. आणि परवा एक जण येऊन मला विचारतो, काका, तुम्ही नेमकं करता काय? काय सांगणार? कान लावून बसतो म्हटलं. गवंड्याचा हात असतो तसा माझा कान. बाकी माझ्याकडे आहे काय — ही खोली, ही मान, आणि ते डुगडुगणारं स्टूल.

पूर्वी बरं होतं, असं नाही म्हणत मी. पूर्वीही असंच होतं, फक्त दमायचो नाही. लोक यायचे, बसायचे, एका सुरावर भांडायचे. हल्ली येतात, गातात, जातात, आणि पुन्हा येत नाहीत. का येत नाहीत ते सांगत नाहीत. तू निदान आलीस. एक बासरीवाला यायचा माझ्याकडे, फार जुना माणूस, म्हणजे जुनी ओळख, वयानं माझ्याहून बराच लहान. तो एकदा वाजवता वाजवता थांबला आणि म्हणाला, दादा, काहीतरी चिरचिरतंय. मी म्हटलं, बाबा, बासरीला फुंकर मारायची असते, फुंकून टाकायचं नसतं. सगळे हसले, तोही हसला. मग त्याला दुसरीकडे बरं वाटायला लागलं. असो. ज्याची त्याची हवा.

आणि माझ्या कानाबद्दल म्हणशील तर — तू काही म्हणाली नाहीस, माहीत आहे मला, तू काहीच म्हणत नाहीस, पण बघतेस ना अशी. तर माझ्या कानाबद्दल म्हणशील तर आमच्या वडिलांना विचारायला हवं होतं. आता नाहीत ते. मी एवढासा होतो, भिंतीला पाठ लावून उंची मोजतात ना तेव्हा खुंटीपर्यंतसुद्धा यायचो नाही. तेव्हा आख्ख्या इमारतीत टीव्ही होता तो फक्त वरच्या मजल्यावरच्या काकांकडे. आणि ते काका महा चिक्कू. आम्ही पोरं दाराबाहेर उभी राहिलो की ते आवाज एकदम बंद करायचे आणि आतून ओरडायचे, 'टीव्ही बंद आहे, जा घरी!' पोरं जायची. मी म्हणायचो, थांबा रे, सुरू आहे. मला ऐकू यायचा. बोलणं नाही, गाणं नाही, नुसता टीव्ही असण्याचा आवाज — बारीक, सुईसारखा, डोक्याच्या इथून आत शिरणारा. जिन्याच्या मधल्या वळणावरूनच मी सांगायचो, सुरू आहे की बंद. मोठी माणसं पैज लावायची. काकांच्याच घरातली ताई आतून बटण दाबायची आणि मी बाहेर डोळे मिटून सांगायचो. सुरू. बंद. सुरू. एकदाही चुकलो नाही. त्या काकांची पंचाईत झाली, आवाज बंद करूनही उपयोग नाही, पोरं हलत नाहीत! शेवटी दार उघडलं बिचाऱ्यांनी. आणि वडील ज्याला त्याला सांगत सुटले, पोराचा कान तिखट आहे, याला गाण्याला घाला. झालं. एका टीव्हीपायी मी या खोलीत येऊन बसलो बघ. नाहीतर ऑफिसात बसून आत्तापर्यंत पोट सुटलं असतं माझं, आणि मान दुखली नसती.

काय? आत्ता? अगं, आत्ता तर काहीच वाजत नाहीये, गाणं केव्हाच थांबवलं मी. तरी येतेय? खोलीतच येतेय? पंखा असेल. पंखा नाही. बरं, मग ट्यूबलाइट — घे, बंद केली. अजून आहे? मग जा, शोध तूच. लाजतेस काय, ऊठ, तिखट कानाची तू, शोध. इकडे नाही... कॉम्प्युटरपाशी नाही... आतल्या गायच्या खोलीत जातेस? आत काही नाही, आत माईक आहे, भिंतीला गाद्या आहेत, आणि तुला शब्द वाचायला ठेवलेला तो डबा टी—

थांब. हात लावू नकोस. तो सुरू आहे?

सुरूच असतो. पडदा काळा असला तरी मागचं बटण कोण बंद करणार, रोज कुणी ना कुणी गायला येतं. आमच्या घरातलाच आहे तो. खाली चपटा टीव्ही आणला तेव्हा तुझी काकू हा भंगारात देत होती. मी म्हटलं, चांगला चालतोय, गाणाऱ्याला शब्द वाचायला होईल, कागद फडफडतो तो त्रास जाईल. पाठीवर घालून मीच आणला वर, आणि माईकच्या पुढ्यात ठेवला. माईकच्या पुढ्यात. मीच.

बंद कर बरं. केलास? गेली? — मान हलवू नकोस, तोंडानं सांग. गेली. आता सुरू कर. आली. हो?

एक काम कर. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. तू सुरू कर नाहीतर बंद कर, तुझ्या मनाला येईल तसं, आणि बटणाचा आवाज होऊ देऊ नकोस, हळू दाब. मी सांगतो. कर. — सुरू. नाही? बरं, पहिला सोड, मी तयार नव्हतो. परत. — बंद. हं. परत. — बंद. नाही, थांब, सुरू. सुरू आहे. काहीतरी आहे, बारीक — तू हातच लावला नव्हतास? बंदच होता?

ये. बाहेर ये. बस.

वयानं जातं गं ते. सगळ्यांचंच जातं. मलाच माहीत आहे, मीच सांगतो लोकांना, वरचे आवाज आधी जातात — झाडाचा शेंडा आधी वाळतो तसं, बुंधा हिरवाच असतो, खालून बघणाऱ्याला काही कळत नाही. मी आपला बुंध्याशी बसून ट्रक पुसतोय. तू घाबरू नकोस, तुझं काही बिघडत नाही. शिट्टी निघेल. एवढीशी चिमटीत धरून उपटता येते, तुझ्या आवाजाला धक्कासुद्धा लागणार नाही. गाण्याच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी पाठवायचंय ना तुला, तोवर होईल. फक्त ते ऐकून नाही होणार. बघून करावं लागेल. आवाजाचं चित्र दिसतं या पडद्यावर. मी कधी उघडत नव्हतो, म्हणायचो, ही हल्लीची पोरं गाणं डोळ्यांनी ऐकतात. आता उघडतो. ही तू. हे तुझे शब्द, असे डोंगरासारखे. आणि ही वर — बघ, ही रेघ. तू गा, नको गाऊस, श्वास घे, ती आपली सरळ. कपडे वाळत घालायच्या तारेसारखी. दिसते मात्र स्पष्ट हं.

लिफ्टमध्ये असेल का? थांब, बघू. आहे! 'दरवाजा बंद होत आहे' — आणि वर तार. आता त्या लिफ्टमधून जी पोरं चढतील-उतरतील ती कान धरतील, आणि त्यांच्या आया म्हणतील, काय नाटक आहे. हा बासरीवाला. आहे. चिरचिरतंय म्हणाला होता. बरोबर शब्द आहे, चिरचिरतंय.

आणि हे... हे काही नाही. माझंच आहे. गिटारवर बसवलेलं, शब्द नाहीत त्याला. तेव्हा हा टीव्ही नुकताच वर आणला होता. एका संध्याकाळी मी काकूला मुद्दाम वर बोलावलं. ती पूर्वी यायची, तिथे दारापाशी बसून भाजी निवडायची, मी काही वाजवलं की 'हे परत लाव' म्हणायची, नाहीतर नुसतीच निवडत राहायची, मग मला कळायचं की नाही जमलं. त्या दिवशी तिला आत बसवली, चांगले हेडफोन आत असतात म्हणून. त्या स्टुलावर, टीव्हीच्या समोर. अर्धं झालं नसेल, तिनं हेडफोन काढले, कपाळ दाबलं आणि म्हणाली, माझं डोकं उठलं. उठून गेली. मी काय समजायचं? तूच सांग. माणसानं एखाद्यासाठी काही बसवावं आणि त्यानं डोकं उठलं म्हणावं. मी वरूनच म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं. मग ती वर यायची थांबली. भांडण नाही हं, कोणी विचारलं तर भांडण मुळीच नाही. चहा वेळेवर येतो. खालच्या पायरीवर कप ठेवते आणि चमच्यानं दोनदा वाजवते, मी जाऊन घेऊन येतो. इतकी वर्षं मी आपला त्या गाण्यात काय चुकलंय ते शोधतोय. दहा वेळा सूर बदलला असेल.

डोकंच उठलं होतं तिचं.

उगाच बोलत बसलो. तुला उशीर होईल, घरी वाट बघत असतील. गाणं मी बघून साफ करतो आणि पाठवतो. आलं की आधी तुझ्या भावाला ऐकव, तो हो म्हणाला तरच पुढे जाऊ दे. माझं हो धरू नकोस. नाही, तसं नाही, धर, पण त्याचंही घे. आणि माईकपुढे श्वास असाच घेत जा, दाबू नकोस, लोक काढायला सांगतील, तरी काढू नकोस.

थांब — चमचा वाजला. ऐकलास? तो येतो मला. एवढ्या जड दारातून येतो. तो अजून येतो.

जा तू. खाली उभी असेल ती, कप ठेवून वळायच्या आत गाठ. तिला म्हण, वरचा टीव्ही बंद केलाय. एवढंच. बोलावलंय असं म्हणू नकोस. काय झालं विचारलं तर तुला माहीत नाही. टीव्ही बंद केलाय, बस. तेवढं बोलता येईल ना तुला? जोरात म्हण जरा, गिळू नकोस.

जा. आणि दार — नको, लोटू नकोस. राहू दे उघडं.