संदीपची पहिली खेप

आमच्या दौंडच्या कॉलनीतला संदीप खासगी जेटच्या कंपनीत पायलट म्हणून लागला, तवाची गोष्ट. ट्रेनिंग करून घरी आला. त्याचे वडील आप्पा रिटायर इंजिन ड्रायव्हर. त्यांनी विचारलं, "काय शिकिवलं रं?"

"खोलीतल्या खोट्या विमानात बसवलं. मी दोनदा पाडलं."

"आन् सस्पेंड न्हाई केलं?"

"उलट म्हणाले, पाडायचं ते इथंच पाडून घ्या. आता सोमवारी खरं विमान, थेट माणसं घेऊन. शेजारी जुने कॅप्टन असतात."

आप्पांनी कप खाली ठेवला. "आमी वर्सानुवर्सं मालगाड्या हाकल्या, तवा कुठं माणसांची गाडी हातात दिली. बसणाऱ्यांना ठावं हाय का, तुझी पहिली खेप हाय म्हणून?"

"न्हाई."

आप्पा पहिल्यांदा हसले. "मंग बिनघोर जा. माझ्या गाडीतल्यांना तरी कुठं ठावं व्हतं!"