एक हात कमी

...नाही, उठत नाही म्हणून राग मानू नका, या, आत या, दार उघडंच आहे, चपला राहू देत तिथेच, बसा. पाहुणे आले की यजमानाने दारापर्यंत जावं हे मलाही कळतं हो, माझ्या आईने काही वळण लावलं नाही असं नाही, पण तुम्हाला सांगतो, हत्ती बघायला म्हणून जो गेलो ना मी, त्या दिवसापासून या घरातलं माझं उठणंबसणं माझ्या हातात राहिलेलं नाही. हसा. सगळे हसतात. आधी ऐका, मग हसा.

आता मला सांगा, मी काम काय करतो? माल बांधतो. ट्रकवर पोती चढवा, कपाटं चढवा, उभ्या काचा चढवा, वरून दोरी माझी आणि गाठ माझी. गाठ मारून झाली की तिच्यावर तळहाताने दोन थापा, थप थप, की ड्रायव्हरने समजायचं, निघा. मग घाट उतरो नाहीतर खड्ड्यात आदळो, माल हलणार नाही. आमचे शेठ नव्या पोरांना सांगतात, "याची गाठ सोडवत बसू नका रे, कापा सरळ." आणि अशा माणसाच्या पोटी मुलगी कशी यावी? तर भिंगरी! अडीच वर्षांची आहे. नाव चांगलं ठेवलंय तसं, पण ते हाक मारून पुरं होईपर्यंत ती पुढच्या गल्लीत असते, म्हणून भिंगरी.

एकदा दुकानासमोर हात सुटला तिचा. सुटला म्हणजे किती, मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली तेवढाच, आणि पोरगी रस्त्याच्या मधोमध, आणि त्या बसचा ब्रेक लागला तो आवाज... जाऊ दे. मला भीती वाटते हो. सरळ सांगतो, बाकी जगात मी कुणाला भीत नसेन, पण या पोरीच्या बाबतीत मी भित्रा आहे. म्हणून दुकानातून तो पट्टा आणला, मुलांच्या छातीला घालतात ना, पाठीवर कडी असलेला तो. त्याची दोरी अगदीच लेचीपेची होती, ती फेकली आणि कामावरची लावली. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांनी ते बघितलं आणि चष्मा वर करून म्हणाल्या, "पोर आहे का पार्सल?" मी म्हटलं, पार्सल असतं तर इतकी काळजी केली नसती.

तर आमच्या हिने कुठूनतरी ऐकलं की गावाबाहेर एक जागा आहे, तिथे म्हाताऱ्या हत्तिणी ठेवतात. लाकडं ओढून थकलेल्या, सर्कशीतून सोडवलेल्या. साखळी नाही, अंकुश नाही, पाठीवर कुणी बसायचं नाही, आपण नुसतं बघायचं. "तिला जरा मोकळं फिरू दे की एक दिवस," ही म्हणाली. मोकळं! निघालो. मी, ही, सासूबाई, भिंगरी, डबा, पाण्याच्या बाटल्या, आणि माझ्या पिशवीत एक सुटी दोरी. सवय आहे, दोरीशिवाय बाहेर पडलो की मला उघड्यावर आल्यासारखं वाटतं.

जागा छान होती, उगाच नावं ठेवणार नाही. एक लाकडी मांडव, त्यात बाकडी, समोर ओंडक्यांचं कुंपण आणि पलीकडे हत्तिणी. पण एक गोष्ट मला उतरल्या उतरल्या खटकली. आवाज नाही हो. एवढाली जनावरं, तुमच्या माझ्या घरातलं मांजर चाललं तरी कळतं, आणि ही चालतात तर काही ऐकूच येत नाही. तुम्ही इकडे बघताय, परत तिकडे बघताय, तर जी लांब होती ती जवळ आलेली असते.

एक मात्र जागची हलत नव्हती. थोरली म्हणतात तिला. कानाच्या कडा झिजलेल्या, डोळ्याखाली ओली रेघ. ती एका जागी उभी राहून नुसती डुलत होती, या पायावर भार, त्या पायावर भार. आणि तिच्याभोवती एवढा गोल जमिनीचा तुकडा, त्यात गवताची काडी नाही, बाकी सगळीकडे हिरवंगार. मी तिथल्या राखणदाराला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "साखळी काढून वर्षं झाली साहेब. पण साखळी जिथवर जायची तिथवरच ती जाते. आम्ही हाका मारून दमलो."

मला काही ते बरं वाटलं नाही. पण भूक लागली होती, डबे उघडले, आणि डबे उघडले की भिंगरी पळणार हे ठरलेलं. म्हणून मी काय केलं? जे कुठल्याही बापाने केलं असतं ते केलं. म्हणजे कुठल्याही बापाने नसेल केलं, मी केलं. पट्ट्याची दोरी मांडवाच्या कुंपणाकडच्या खांबाला बांधली. आणि मापून हो! भिंगरीला पट्ट्यासकट कुंपणाकडे चालवत नेली, दोरी ताणली, कुंपण एक हात राहिलं तिथे थांबवली. एक हात कमी. म्हणजे खेळायलाही मिळतं आणि पलीकडेही जाता येत नाही. गाठ मारली. थप थप.

आणि थोरली डुलायची थांबली.

तेव्हा मी बघितलं आणि सोडून दिलं, माणूस सोडून देतोच ना अशा गोष्टी? घास तोंडात घातला. मग बाकडं घुमायला लागलं. ऐकू काही येत नव्हतं, पण मांडीला लागत होतं, छातीला लागत होतं, बाटलीतलं पाणी शहारत होतं. सासूबाई म्हणाल्या, "जवळपास यंत्र चालू आहे का काही?" मी म्हणालो असेल. भिंगरीची बडबड थांबलेली होती, आणि आमच्या घरात ती बडबड थांबली की आम्ही आधी वीज गेली का म्हणून पंख्याकडे बघतो आणि मग तिच्याकडे. तिथे पंखा नव्हता. मी तिच्याकडे बघितलं.

खांब होता, गाठ नव्हती.

दोरी तुटलेली नव्हती हो. सुटलेली होती, एकेक वेढा काढून, नीट. आणि गाठ कुणाची? माझी! शेठ जी कापायला सांगतात ती. खांबापासून एक सोंड सावकाश कुंपणापलीकडे परत जात होती, आणि तिच्या मागोमाग, ओंडक्याखालून वाकून, दोरीचं टोक धुळीतून ओढत माझी मुलगी चालली होती. रडत नव्हती. मी मारलेल्या हाकेला तिने मागे वळूनही बघितलं नाही.

थोरली तिच्या गोलाबाहेर आलेली होती.

तिने पोरीला पुढच्या दोन पायांच्या मधे घेतलं. आणि बाकीच्या, ज्या कुठे कुठे चरत होत्या, त्या सगळ्या येऊन उभ्या राहिल्या, तोंडं बाहेर, पाठी आत, भिंतच. मला त्या पायांमधून तिचा एक लाल बूट दिसत होता. एवढंच. ही कुंपणाला धरून उभी होती आणि हळू आवाजात त्या जनावराशी बोलत होती, "दे गं... अगं माझी आहे ती... दे ना." मी कुंपणावर पाय टाकला, तर राखणदाराने मला मागून मिठीच मारली. तो पांढराफटक पडला होता. त्याने केळी दाखवली, कलिंगड दाखवलं, नावाने हाका मारल्या, पण एकीनेही मान वळवली नाही. मग त्याने खांबाकडे बघितलं, धुळीतल्या दोरीकडे बघितलं आणि मला विचारलं, "तुम्ही बांधली होती का मुलीला?"

मी हो म्हणालो.

"हिचं पिल्लू हिच्यासमोर खुंटाला बांधायचे," तो म्हणाला. "हिने काम करावं म्हणून. हिची साखळी तिथवर पोचायची नाही. एक हात कमी पडायची."

पुढे पिल्लाचं काय झालं ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझं लक्ष त्या लाल बुटाकडे होतं. तो बूट हलायला लागला होता, या पायावर भार, त्या पायावर भार. माझी भिंगरी, जी झोपेतसुद्धा एका जागी राहत नाही, ती तिथे उभी राहून डुलत होती. आणि मला वाटलं, संपलं. आता ती मला परत मिळत नाही.

तेव्हा सासूबाई बोलल्या. ओरडल्या नाहीत, नेहमीसारखा चष्माही वर केला नाही. म्हणाल्या, "जावईबापू, तुमची दोरी काढा आणि स्वतःच्या पायाला लावा."

एरवी मी त्यांचं मीठ कमी आहे म्हटलेलंही ऐकत नाही. पण त्या वेळी पिशवीतली दोरी काढली, एक टोक घोट्याला, दुसरं खांबाला, आणि गाठ मारली, माझी, खरी, कामावरची. थापा मारायचं त्राण नव्हतं.

भिंत उघडली. थोरली आली. पुन्हा आवाज नाही. तिने सोंडेचं टोक माझ्या घोट्यावर ठेवलं, गरम होतं, ओलं होतं, आणि ते गाठीवरून फिरवलं, एकेक वेढा, आम्ही माल निघायच्या आधी तपासतो तसं. मी डोळे मिटून घेतले. आणि मग, तुम्हाला सांगतो, शपथ घेऊन सांगतो, तिने त्या गाठीवर दोनदा थापटलं. थप थप.

भिंगरी आपली आपण कुंपणाखालून आली आणि आईच्या कडेवर चढली. हिने तिला असं धरलं की पोरगी गुदमरेल म्हणून सासूबाईंनी हात सोडवले. आम्ही तिघंही रडलो, मी तर खांबाला बांधलेला असल्यामुळे एकटाच रडलो. थोरलीला माझी गाठ सोडवता येत होती, हे लक्षात ठेवा. तिने सोडवली नाही. शेवटी राखणदाराने कोयत्याने कापली, आणि कापता कापता तो सारखा तिकडे बघत होता, कारण थोरली त्या उघड्या गोलात परत गेलीच नाही. बाकीच्यांबरोबर पाण्यावर गेली. गवतातून, हळूहळू.

चांगलं झालं ना? मलाही चांगलंच वाटलं. घरी आलो, पट्टा कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन इथे पलंगाला टेकून बसलो, तर भिंगरी आली, हातात माझी दोरी. माझ्या घोट्याला वेढा दिला, दुसरं टोक पलंगाच्या पायाला. मी कौतुकाने हिला हाक मारली, बघ गं, बापाचं काम शिकतेय! मग गाठ बघितली. अडीच वर्षांच्या मुलीला बुटाची नाडी बांधता येत नाही हो. आणि गाठ कुणाची? माझी! दोन थापा मारल्या तिने, आणि समोर उभी राहून डुलायला लागली.

एकदा मी नको म्हणालो. फक्त एकदा. तर ही फरशी घुमायला लागली, फडताळातल्या बश्या शहारल्या, सासूबाई आतून म्हणाल्या, "बांधून घ्या हो, कशाला उगीच." तेव्हापासून रोज बांधून घेतो. ती झोपली की ही येऊन कापते, घरात दोरी उरत नाही. पण एक आहे, पोरगी आता पळत नाही. कुठ्ठे जात नाही. माझ्यासमोर असते. हेच हवं होतं ना मला?

ती बघा, दाराआड. हळू बोला.

अरे हो, चहा ठेवलाय हिने तुमच्या समोर, घ्या, निवेल. आणि माझा कप जरा इकडे सरकवता का? नाही, अजून थोडा... मीच घेतला असता हो. एक हात कमी पडतो.