ग्लोव्हचा आवाज

रादामेस : अजून एक चेंडू टाकतो, काका. शेवटचा म्हणालो होतो, पण तो मोजू नकोस.

नीदो : वीस झाले, पोरा. सामना सातला आहे. आत्ता तीन वाजलेत. थोडं संध्याकाळला ठेव की.

रादामेस : ऐकलास ना आत्ताचा? फटाक! अकरा महिने खांदा बांधून बसलो होतो, आणि हे बघ. तिकडे गवत कापणारा माणूससुद्धा मान वळवून बघतोय.

नीदो : बघतोय खरा.

रादामेस : मग तुझं तोंड का असं? लिंबू चोखल्यासारखं?

नीदो : ऊन येतंय डोळ्यांवर.

रादामेस : कुठलं ऊन? सकाळपासून तलावावरून ढग येतायत. खोटं बोलायचं तर जरा बरं बोल.

पेग : अहो सत्तावीस कोटीवाले! जरा दमानं. मी वर खुर्च्या पुसतेय, आणि तुमच्या त्या फटाक्यानं दर वेळी दचकायला होतं.

रादामेस : पेगबाई, आज किती भरणार तुमचा भाग?

पेग : एक खुर्ची रिकामी नाही. बत्तीस वर्षं या बेसबॉलच्या मैदानावर हीच बाकं सांभाळतेय, सप्टेंबरात अशी गर्दी दोनदाच पाहिली. अकरा महिन्यांनी तू टाकणार, वर आज हरलो तर हंगाम आटोपला. कोण घरी बसेल?

रादामेस : माझ्यासाठी येतायत.

पेग : तुला बघायला येतायत. तुझ्यासाठी येणं निराळं. माझ्या शेजारणीनं चादरीवर 'पैसे परत कर' असं रंगवून ठेवलंय. जिंकलास तर ती उलटी पांघरून बसणार आहे. पलीकडच्या बाजूला तुझं नाव आहे.

रादामेस : तुम्हाला काय वाटतं, बाई? खरं सांगा. वसूल झाले माझे पैसे?

पेग : सात वर्षांपूर्वी तुझा करार पेपरात आला ना, तेव्हा माझा नवरा स्टॅन बशीतला अर्धा सॉसेज तसाच टाकून उठला. म्हणाला, नऊ वर्षांचे सत्तावीस कोटी डॉलर? एका हाताला? अगं, एवढ्यात या गावातले सगळे खड्डे बुजले असते!

रादामेस : बुजवले असते का पण?

पेग : कोण, मालक? छे! तो स्वतःच्या फाटकासमोरचा बुजवत नाही. तेही खरंच म्हणा.

रादामेस : मला नसते दिले, तर बिअर स्वस्त केली असती?

पेग : बिअर! तू जिंकलास तरी महाग, हरलास तरी महाग, आणि घरी बसलास तरी महाग. पण ऐक. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये तू ते सत्तावीसच्या सत्तावीस गडी ओळीनं बाद केलेस ना, एकालाही पहिल्या बेसवर पाऊल टाकू न देता? स्टॅन इथे, या खुर्चीत होता. शेवटचा गेला तेव्हा म्हणाला, कोटीला एक, पेग. फिटलं. पुढच्या हिवाळ्यात तो गेला. तेव्हा मला विचारशील तर वसूल. पण येणारे सगळे काही स्टॅन नाहीत, बाळा. चल, मला अजून चार रांगा आहेत.

रादामेस : ऐकलंस, काका? फिटलं म्हणे.

नीदो : त्या वेळचं फिटलं.

रादामेस : म्हणजे?

नीदो : बस जरा.

रादामेस : नाही बसत. बसलो की खांदा गार पडतो. बोल तू.

नीदो : मॅनेजर हॅलोरनने सकाळी बोलावलं होतं मला. म्हणाला, संघ माझा, पण माझ्याच पिचरचा चेंडू किती जोरात येतो हे मला ठाऊक नाही. वेग मोजायचं यंत्र तू इथून काढायला लावलंस...

रादामेस : त्या आकड्यांकडे बघत बसलं की डोकं फिरतं माझं.

नीदो : काढायला लावलंस, आणि सत्तावीस कोटीवाल्याला नाही कोण म्हणणार? छोट्या गावांतले सरावाचे सामने खेळ म्हणाले, तेही नको म्हणालास. तेव्हा हॅलोरन म्हणाला, नीदो, आता तुझा हात हेच माझं यंत्र. साडेतीनला मी तुमच्या सरावाच्या जागेवर, बुलपेनच्या फोनवर फोन करतो. तो आज टाकू शकेल का, हो की नाही, एवढाच एक शब्द सांग.

रादामेस : मग सांग की हो. त्यात काय एवढं?

नीदो : हा ग्लोव्ह बघ. हात घाल आत.

रादामेस : तुझा घामट ग्लोव्ह मी कशाला घालू?

नीदो : घाल म्हणतोय ना. आतली गादी लागतेय हाताला? नाही लागत. मी काढली ती. चामडं उन्हात ठेवून कडक केलं. चेंडू बरोब्बर इथे, बोटांच्या मुळाशी घेतला आणि शेवटच्या क्षणाला हात थोडा पुढे नेला, की साध्या चेंडूचाही फटाका होतो. प्रत्येक जुन्या कॅचरला येतं हे. पिचरचं मन खचलं की करतात.

रादामेस : कुणासाठी करतोयस?

नीदो : हे बोट बघ. पावासारखं सुजलंय. गादी नाही ना.

रादामेस : कुणासाठी करतोयस, नीदो?

नीदो : सहा आठवडे झाले. पहिल्या दिवशी तू टाकलास तो मी साधा पकडला. आवाजच आला नाही. तुझं तोंड पाहिलं मी. तसलं तोंड तुझं सोळाव्या वर्षीसुद्धा पाहिलं नव्हतं. मग दुसरा वाजवला. तू हसलास. झालं, तिथून पुढे थांबायला जमेना.

रादामेस : म्हणजे आत्ताचे वीस...

नीदो : आवाज ग्लोव्हचा होता, पोरा.

रादामेस : आणि सात वाजता मी चाळीस हजार लोकांसमोर जाऊन उभा राहिलो असतो! त्या समोरच्या संघानं माझी चटणी केली असती, आणि तू कुंपणाआडून बघत बसला असतास?

नीदो : म्हणून तर आत्ता सांगतोय.

रादामेस : फोन यायला अर्धा तास उरला असताना! का केलंस?

नीदो : मायेनं केलं असं म्हणालो तर बरं दिसेल. अर्धं खरंही आहे.

रादामेस : उरलेलं अर्धं?

नीदो : सतरावं पान.

रादामेस : कसलं सतरावं...

नीदो : तुझ्या कराराचं. तूच घालायला लावलं होतंस ना, की रादामेस या संघाच्या गणवेशात असेल तोवर नीदो फ्रियासला कामावरून काढायचं नाही. तू संपलास की मीही संपलो. अठ्ठावन्नाव्या वर्षी, हे असले गुडघे घेऊन, गावी सान पेद्रोला परत जाऊन काय करू? नारळ विकू? घाबरलो, पोरा. दुसरं काही नाही. लाज वाटते सांगायला, पण घाबरलो.

रादामेस : मला सांगायचंस! मी काय तुला उपाशी ठेवला असता?

नीदो : तुझ्या घरी पाहुणा म्हणून जेवणं वेगळं आणि पगाराचं जेवणं वेगळं.

रादामेस : आता काय करू मी? हात गेला म्हणून सांगू? सांगितलं तरी पैसे थांबत नाहीत, हीच तर गंमत. दोन वर्षं उरलीत. सहा कोटी, पाय वर करून! मग ती चादर कुठल्या बाजूनं पांघरतील, सांग? चोर म्हणतील मला. आणि म्हणू देत, त्यात खोटं काय?

नीदो : फिरू नकोस असा गोल गोल, मला गरगरतंय. एक सांग. सोळाव्या वर्षी यांनी तुझी सही घेतली, तेव्हा तुझ्या आईला काय मिळालं?

रादामेस : फ्रीज. आणि पत्रे काढून स्लॅब घातला.

नीदो : आणि इथे आल्यावर पहिली सहा वर्षं? सगळ्या देशात तुझ्याइतकं जोरात कोणी टाकत नव्हतं, आणि पगार त्या बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया थुंकणाऱ्यांइतका. मालक कालच्या चेंडूचे पैसे देतात, लेका, आणि पावतीवर तारीख उद्याची घालतात. तू त्या तारखेवर विश्वास ठेवलास, एवढंच चुकलं.

रादामेस : हे वर बसणाऱ्यांना कोण समजावणार?

नीदो : कोणी नाही. त्यांनी तिकीट आजचं काढलंय.

रादामेस : आणि तुझा काल? बावीस वर्षं गुडघे मोडून बसलास. त्याची पावती कुणी फाडली?

नीदो : तू. सतराव्या पानावर.

रादामेस : जा तिकडे. बस प्लेटमागे.

नीदो : पुरे आता.

रादामेस : एकच. आहे नाही तेवढं सगळं लावून टाकतो. तू वाजवायचा नाही. जुना ग्लोव्ह घे, गादीचा.

नीदो : रादामेस...

रादामेस : काका, एकदा तरी मला माझा चेंडू ऐकू दे.

(रादामेस टाकतो. नीदो पकडतो. वरच्या रांगेत पेग पाठमोरी खुर्च्या पुसते आहे.)

पेग : का रे, थांबलात का? टाका की. मला आता सवय झाली होती.

रादामेस : सरळ तरी गेला का?

नीदो : सरळ गेला. जिथे मागितला तिथेच आला. सुरेख होता.

रादामेस : पण आला नाही ऐकू.

नीदो : नाही आला.

पेग : अरे, फोन वाजतोय तुमचा! कान फुटले का दोघांचे?

नीदो : मी घेतो. मला विचारलंय त्यानं, मीच सांगतो.

रादामेस : बाजूला हो. हॅलो? नाही, नीदो नाही, मीच बोलतोय. हो, टाकून पाहिले, एकवीस. हात चांगला वाटतोय, हॅलोरन, पण ते नुसतं वाटणंच आहे. नाही. मी 'नाही' म्हणतोय. आज चेंडू टिबेट्सला द्या. हो, शुद्धीवर आहे मी. नीदोला काही बोलू नका, यंत्र मी काढायला लावलं होतं. डॉक्टरांकडे उद्या जातो. बरं.

नीदो : काय म्हणाला?

रादामेस : थँक यू म्हणाला. सात वर्षांत पहिल्यांदा म्हणाला असेल.

नीदो : मी सामान आवरतो माझं.

रादामेस : कशाला? सतराव्या पानावर काय लिहिलंय? गणवेशात असेल तोवर. हाताचं काही लिहिलंय का? बटणं लावता येतात मला अजून.

नीदो : दोन वर्षं?

रादामेस : सामना असेल त्या प्रत्येक दिवशी. बाकावर बसेन आणि बिया थुंकेन.

नीदो : लोक रोज ओरडतील तुझ्या नावानं. घरी बसलास तर निदान ऐकावं तरी लागणार नाही.

रादामेस : ओरडू देत. आता त्याचेच पैसे मिळतायत मला.

पेग : काय ठरलं रे? आज टाकतंय कोण?

रादामेस : टिबेट्स, पेगबाई.

पेग : कोण टिबेट्स? एवढी तिकिटं खपली आणि आता टिबेट्स?

रादामेस : डावखुरा आहे. एकतीस वर्षांचा. नऊ वर्षं लहान लहान गावांत बसमध्ये झोपून काढलीत त्यानं. गेल्या मंगळवारी मुख्य संघात घेतला. तुमच्या शेजारणीला सांगा, चादर 'पैसे परत'वाल्या बाजूनंच असू दे, मी बाकावर समोरच बसलोय.

पेग : बसणार आहेस? इथे? आज?

रादामेस : रोज.

पेग : स्टॅन असता तर काय म्हणाला असता, देव जाणे. थांब, तुझ्या त्या बाकावर कबुतरांनी घाण केलीय. पुसून देते.

नीदो : आलाच बघ टिबेट्स. हॅलोरनने धाडला वाटतं लगेच. केवढा पांढरा पडलाय! चेंडू धरलाय की उंदीर, कळत नाही.

रादामेस : काका, तो गादीचा ग्लोव्ह ठेव खाली.

नीदो : बोट ठणकतंय रे.

रादामेस : ठाऊक आहे. पण तोंड पाहिलंस ना त्याचं? पहिल्याच चेंडूला वाजव.