डबा बोलला नाही

हसायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस, पण पैसा म्हणजे काय हे नातीला मीच शिकवणार, असं सुनेला ठणकावलं. पोरगी पाच वर्षांची झाली, पण नोट कशी चालते हे तिला ठाऊक नाही. आईबाप दुकानात मोबाइल दाखवतात, तिथला डबा बाईच्या आवाजात "पैसे प्राप्त झाले" म्हणतो, की झालं.

म्हणून तिला खापर गावच्या बाजारात नेलं. किराणावाल्या शेठकडून गूळ घेतला आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याला शंभराची नोट दिली. म्हटलं, "बघ, याला म्हणतात पैसा."

गूळ उचलला, तर पोरगी माझं धोतर धरून बोंबलली, "बाबा, डबा बोलना नही! तू पैसा दिना नही!"

सगळा बाजार वळून बघायला लागला. जन्मात कोणाचा दाणा फुकट खाल्ला नाही, आणि सख्खी नात मला चोर ठरवते! मी ओरडलो, "शेठ, सांगा ना तिला!"

शेठ म्हणाला, "मिळाले गं बेटा."

"तू नही, डबा!"

शेवटी शेठने डब्यामागे तोंड लपवून बारीक आवाज काढला, "शंभर रुपये प्राप्त झाले." तेव्हा कुठे धोतर सुटलं.

मग शेठने सुटे चाळीस परत दिले. ते खिशात घालतोय, तोच पुन्हा धोतराला हिसका.

"बाबा, आते तू बोल."

एवढ्या माझ्या मिशा, भरला बाजार, आणि मी बाईच्या आवाजात म्हणालो, "चाळीस रुपये प्राप्त झाले."