टाकीमागे जेवणाऱ्या बायका

आधी नाव लिही. रेखा. गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर यायच्या वेळेला, दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर तिला अडवलं, तिच्याबरोबर घरकामाला येणाऱ्या सगळ्या बायकांना अडवलं, आणि सांगितलं की तुमच्यामुळे इथे डेंगू पसरतोय, रक्त तपासून कागद आणा, मग आत या. असं स्पष्ट लिही. थोडा गैरसमज झाला होता वगैरे गुळमुळीत काही लिहू नकोस. गैरसमज नव्हता, अपमान होता, आणि तो दिवसाढवळ्या गेटवर उभं करून केला होता.

आणि मी कोण, तर मी सुलोचना, भंडारा जिल्ह्यातली. वडील विडीच्या कारखान्यात होते, आई घरी पानं कापायची आणि मी तिच्याजवळ बसून काऊन, काऊन, म्हणजे का, का, विचारत राहायची. हे पान काऊन ओलं करते, तो माणूस काऊन खोकलते. आई म्हणायची, बाप्पा, ही पोरगी काऊन काऊन करून माझं डोकं खाऊन टाकते. पुढे लग्न झालं, ह्यांची नोकरी दिल्लीत, सेंट्रल गव्हर्नमेंटची, आर. के. पुरमला क्वार्टर मिळालं, मीही परीक्षा देऊन क्लार्क झाले आणि सगळी नोकरी एका मंत्रालयाच्या डायरी-डिस्पॅचमध्ये काढली. डायरी-डिस्पॅच म्हणजे आपलं आवक-जावक गं. कागद आला की पहिला प्रश्न, कुठून आला? दुसरा प्रश्न, कुठे जायचा? आत काय लिहिलंय ते साहेबांचं काम, आपल्याला त्याचं काही नाही, आपण फक्त दिशा बघायची. बघ, आईने काऊन दिलं आणि सरकारने कुठून दिलं, आता अशा बाईचं तोंड रिटायर झाल्यावर बंद राहील का?

तर रिटायर झाले आणि काय सांगू तुला, मी माझी स्वतःची सोसायटी पहिल्यांदा दिवसा पाहिली. आर. के. पुरम सोडून इथे फ्लॅट घेतला तेव्हापासून सकाळी मेट्रो धरायची आणि दिवे लागताना परत यायचं, दुपारी आमच्या इथे कोण असतं, कुठे बसतं, मला पत्ताच नव्हता. दुपारची सोसायटी म्हणजे वेगळंच गाव आहे. पुढच्या पार्कात छान बाक आहेत, सिमेंटचे, पाठ टेकायला जागा असलेले, त्यावर रिटायर झालेले पुरुष पत्ते खेळतात, आमचे हेही त्यातच. म्हाताऱ्या बायका पुढे बसत नाहीत, पत्तेवाल्यांचा आरडाओरडा नको म्हणून त्या मागच्या लॉनवर चटया टाकतात, लहान लेकरांच्या आया तिकडेच, लेकरं मोकळी खेळतात. आणि त्यांच्याही मागे, भिंतीकडेला, विटांवर बसून कामवाल्या बायका डबा खातात. पुढच्या बाकावर त्यांनी बसायचं नाही असं कुठे लिहिलेलं नाही. पण एकदा त्या बसल्या तर गार्ड आला आणि म्हणाला, पीछे जाओ, मेंबर लोगों की जगह है. बस, तेव्हापासून नियम झाला.

आता डेंगूचं ऐक. गणपती झाले आणि पंधरवड्यात ताप सुरू झाले. पहिल्यांदा माई. माई म्हणजे आमच्या सतीशची आई. हा सतीश सोसायटीचा सेक्रेटरी, मराठी मंडळाचा गणपतीही तोच बसवतो, उत्साही माणूस आहे, वाईट नाही, पण हातात माइक आला की स्वतःचंच ऐकतो. माई पडल्या, मग तळमजल्यावरची सून पडली, तिचं लेकरू पडलं, मग दुपारच्या चटईवाल्या म्हाताऱ्या एकेक. आणि रेखा. रेखा माझ्याकडे आणि माईंकडे दोन्हीकडे काम करते, मूळची बिहारची, हसरी, मला आंटी म्हणते आणि माझ्या हिंदीला हसते, इतकी वर्षं दिल्लीत राहून आंटी, आप पानी को अभी भी पाणी बोलती हो.

मला गंमत काय वाटली, म्हणजे गंमत हा शब्द बरोबर नाही, लोक तापाने फणफणत होते, पण मला चैन पडेना की ऑफिसला जाणारे पुरुष आजारी का नाहीत? पत्तेवाले का नाहीत? आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणे मी रोज गिलोय, आपला गुळवेल, पितो. वरच्या मजल्यावरचे एक म्हणाले आम्ही योग करतो. एकाने तर सांगितलं की पुरुषांचं रक्तच कडू असतं. मी म्हटलं ते डासाला विचारून बघते. आमचे हे म्हणाले, तुला रिटायरमेंट मानवलेली नाही, तू तापाचं डिस्पॅच उघडलंस घरात. उघडलं तर उघडलं. मी लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीवर, जो भेटेल त्याला विचारायला लागले, तुमच्याकडे कोण पडलंय आणि ते दिवसभर कुठे असतं. लोकांना वाटायचं, मावशी किती काळजी करतात.

दसऱ्याला आम्ही आर. के. पुरमला गेलो होतो, जुन्या कॉलनीतली आपली सगळी माणसं धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे जमतात, पांढऱ्या साड्या, लेकरांची भाषणं, माणूस माणसाला समान असं सगळं मोठ्या आवाजात म्हणून, खीर खाऊन आम्ही घरी आलो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर हे. मी दूध आणायला खाली उतरले तर बायकांची रांग उभी, गार्ड हात आडवा करून, गेटवर कागद चिकटवलेला, आणि रेखा, तापातून नुकती उठलेली, तोंड सुकलेलं, मला म्हणाली, आंटी, मुझे बोल रहे हैं तू लाई है. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्रीच ठरलं होतं. बस्तीतून येतंय सगळं, तिथे घाण असते, सतीशने लिहिलं, सर्वांच्या सुरक्षेसाठी. खाली सगळ्यांचे अंगठे. बिल्कुल सही, बिल्कुल सही.

मी सतीशला फोन केला, अरे, डेंगू माणसाला शिवून होत नाही, डास चावावा लागतो. म्हणाला, मावशी, माहीत आहे हो, पण तो डास कुणाला तरी चावूनच आजार घेतो ना, आणि तो कुणीतरी बाहेरून येतो. मला सांग, आता ह्याला काय म्हणायचं? बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं, म्हणून तर राग जास्त आला. मी विचारलं, कुठून आला ते तू पाहिलंस का? तो म्हणाला पाहायचं काय त्यात. हे मात्र मला सहन होत नाही. डिस्पॅचमध्ये पाकीट न बघता कुणी शिक्का मारला असता तर आमच्या सेक्शन ऑफिसरने त्याला तिथेच उभा केला असता.

मग मी स्वतः रेखाच्या गल्लीत गेले. नारळपाणी घेऊन गेले, ते निमित्त. लहानशी खोली, स्वच्छ, पाण्याचे डबे झाकलेले, दारात तिची सासू तांदूळ निवडत बसलेली, तिला ताप नाही. नवरा रिक्षा चालवतो, त्याला नाही. मुलांना नाही. मी विचारलं, गल्लीत आणखी कोण पडलं होतं? सासू म्हणाली पिंकी पडली, समोरची सरोज पडली. मी म्हटलं त्या काय करतात? रेखा माझ्याकडे बघायला लागली आणि म्हणाली, आंटी, वो तो आपके यहीं आती हैं. म्हणजे अख्ख्या गल्लीत ज्या पडल्या त्या सगळ्या आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या. बाकीची गल्ली ठणठणीत. मी तिथे चहाचा ग्लास हातात धरून बसले आणि माझ्या डोक्यात एकच, ही आवक नव्हतीच, ही जावक होती. आजार त्यांच्याकडून आमच्याकडे आलाच नव्हता, आम्ही तो त्यांच्या डब्याबरोबर घरी पाठवत होतो, आणि वर रक्ताचा कागद मागत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझा डबा घेतला आणि मागच्या भिंतीकडेला, रेखा बसते त्या विटांवर जाऊन बसले. एकटीच, कारण बाकीच्यांना अडवलेलंच होतं. पहिला घास घेतला आणि घोट्याला चावा. मग दुसरा. भर उन्हात, आणि डेंगूचा डास दिवसाच चावतो. मी वळून बघितलं तर शेजारीच विसर्जनाची टाकी.

आता ही टाकी समजून घे. यमुनेत विसर्जनाला बंदी, म्हणून आमचं मंडळ शाडूची मूर्ती आणतं आणि मागच्या लॉनवर मोठ्या प्लास्टिकच्या टाकीत विसर्जन करतं. छान गोष्ट आहे, चांगल्या मनाने करतात. पण देवाचं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, माती पूर्ण विरघळू द्यायची, मग कोजागिरीला सगळे जमले की ती माती घरोघरी तुळशीला वाटायची, पाणी झाडांना घालायचं, अशी पद्धत. कोजागिरीपर्यंत टाकी भरलेली. वर पिवळं कापड, झेंडूच्या वाळलेल्या माळा, भोवती रांगोळी. डासांच्या अळ्या तपासणारे सरकारी लोक येऊन गेले होते, घराघरांतले कूलर बघितले, कुंड्या बघितल्या, टाकीजवळ गेले तर आमच्या गार्डने हात जोडले, भगवान का है, हाथ मत लगाना. ते बिचारे नमस्कार करून गेले.

मी कापडाचा कोपरा उचलला. माती खाली बसलेली, वर पाणी निवळशंख, आणि त्यात वळवळ. लहान लहान, डोकं खाली, शेपूट वर. मी कितीतरी वेळ बघत राहिले, खोटं कशाला सांगू, घाण वाटण्याआधी मला नवल वाटलं. पुढचे बाक तिथून केवढे लांब! मधे पूर्ण बिल्डिंग. आणि टाकीच्या सगळ्यात जवळ कोण, तर विटांवरच्या बायका, मग चटईवरच्या म्हाताऱ्या, मग लेकरं आणि त्यांच्या आया. गिलोय नाही, योग नाही, कडू रक्त नाही. ज्याला जिथे बसायची परवानगी, त्याप्रमाणे ताप. आजाराने आमची बसायची व्यवस्था जशीच्या तशी पाळली होती.

पण कापड सोडलं आणि तिथेच थांबले. कारण हे सांगणार कोण? मी. आणि मी बौद्ध. गणपतीच्या दहा दिवसांत मी आरतीला उभी राहत नाही, जेवणाला मात्र जाते, वाढायला मदत करते, सगळे प्रेमाने वागतात. पण देवाच्या टाकीत अळ्या आहेत हे माझ्या तोंडून निघालं की काय होईल ते मला ठाऊक होतं. आमचे हे म्हणाले, सोड ना, कोजागिरीला रिकामी होणारच आहे. मी म्हटलं, आणि रेखा? तोपर्यंत रेखाने गेटबाहेर उभं राहायचं? हे चप्पल शोधायला लागले. चल, म्हणाले, मीही येतो.

सतीश दारातच म्हणाला, मावशी, तुमच्यात गणपती नसतो, तुम्हाला नाही कळायचं त्यातलं. लिफ्टजवळ दोघंतिघं उभे होते, सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं. मी म्हटलं, बरोबर आहे, गणपतीतलं नाही कळत, पाण्यातलं कळतं, खाली येऊन बघ. तो म्हणाला कोजागिरीला बघू. तेवढ्यात आतून माईंचा आवाज, कोण आलंय रे? शाल गुंडाळून, भिंत धरत बाहेर आल्या, अशक्त इतक्या की मान हलत होती. मी काय म्हणतेय ते सगळं ऐकलं. आणि सतीशला म्हणाल्या, पातेलं घे, स्टीलचं, आणि मला धर.

खाली आल्या, कापड स्वतः काढलं, माळा बाजूला ठेवल्या, पातेलं बुडवून वर काढलं आणि उन्हात धरलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, सतीश, अरे, देव अनंत चतुर्दशीलाच गेला, हे नुसतं पाणी आहे, आणि त्या पाण्याने मला झोपवली होती, आणि त्या रेखाला. ओत. सतीश म्हणाला, आई, कोजागिरी. त्या म्हणाल्या, कोजागिरीला दूध पिऊ, आता ओत. टाकी तिथेच लॉनवर आडवी झाली, पाणी गवताने पिऊन टाकलं, माती माईंनी हाताने कुंड्यांत भरली.

त्यानंतर ताप ओसरले. थंडीही आली, त्यामुळे टाकीनेच थांबले असं मी छातीठोक सांगणार नाही, ते तू माझ्या नावावर लिहू नकोस. पण रेखाची गल्ली आणि आमचं मागचं लॉन, ही दोन ठिकाणं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. बायका परत आल्या, कारण लोकांच्या सिंकमध्ये भांडी साचली होती. गेटवरचा कागद कुणीतरी काढला. ग्रुपवर एक शब्द नाही. सॉरीही नाही. मी सतीशला म्हटलं, तू अडवलंस तसं गेटवर उभा राहून माफी माग. म्हणाला, मीटिंगमध्ये घेऊ. अजून घेतोय.

यंदा टाकी विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी रिकामी झाली, माई उभ्या राहिल्या होत्या. बरं वाटलं. पण काल दुपारी खाली गेले तर रेखा अजून त्याच विटांवर. मी म्हटलं, चल, पुढे बसू. म्हणाली, रहने दो आंटी, कौन सुनेगा. मी तिचा डबा उचलला आणि पुढच्या बाकावर नेऊन ठेवला, आमच्या ह्यांचा पत्त्यांचा डाव मधेच मोडला, हे उठले, बाकीचे कुरकुर करत सरकले. ती बसली, अवघडून, टोकावर. आज परत नेणार आहे. कामवाल्या सगळ्याजणी सुखाने राहोत, माई शंभर वर्षं जगोत, सतीशलाही अक्कल येवो, सगळ्यांचं भलं होवो.

आणि हे वाचणाऱ्याला माझ्याकडून सांग. हळहळ नको. उद्या जेवणाच्या वेळेला तुमच्या बिल्डिंगच्या मागे जा. तुमच्या घरची भांडी घासणारी बाई कुठे बसून जेवते ते बघा, तिच्या शेजारी कुठलं पाणी साचलंय ते बघा, ते ओता. मग तिचा डबा उचला आणि पुढच्या बाकावर ठेवा. तिथे कुणी बसलं असेल तर त्याला उठवा. तुम्ही स्वतः बसला असाल, तर तुम्ही उठा.