काहीच न करणाऱ्यांचा गट

नाही, पण मला एक सांगा, माणूस स्वतःच्या पायांनी चालत व्यायाम शिकायला जातो आणि तिथे त्याला सांगतात, की तुम्ही व्यायाम करायचा नाही... असं कुठं असतं का हो? जेवायला बोलवायचं, ताट मांडायचं आणि म्हणायचं, 'तुम्ही नुसते बसा, बाकीच्यांची पोटं भरतात का ते आम्हाला मोजायचंय!' आणि हे सांगणारी कोण, तर माझ्या नातीच्या वयाची मुलगी, गळ्यात स्टॉपवॉच, हातात पेन, आणि सांगते कशी, तर हसत हसत. "काका, तुमचं आहे तसंच चालू द्या." अहो, आहे तसंच चालू द्यायचं होतं तर मी घरीच नसतो का बसलो?

तुम्हाला सांगतो, मी असल्या भानगडीत पडणारा माणूसच नाही. माझी नोकरी वजनमापे खात्यातली. दुकानादुकानांतून हिंडायचं, तराजू तपासायचे, वजनं तपासायची, बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर दुकानदाराची बोलणी खायची. "साहेब, एवढ्याशा फरकानं काय होतंय?" होतंय! काट्याला कुणी बोट लावलेलं मला खपायचं नाही, आणि तो स्वभाव निवृत्त झाला म्हणून जातो थोडाच? शरीराचं म्हणाल तर चाललं होतं. गुडघे बोलायचे, मी लक्ष द्यायचो नाही.

मग आमची ही पडली.

आजारातून नुकती उठली होती, पायांत त्राण नव्हतं, आणि न्हाणीघरात पाय घसरला. मी धावलो. काखेत हात घातले, जोर लावला, जरा वर आली, आणि माझ्या कमरेनं असा काही दगा दिला म्हणता... मीही तिथेच! दोघं ओल्या फरशीवर समोरासमोर, बसल्यासारखे. ती म्हणते, "तुम्हाला लागलं का?" म्हणजे पडली ती, आणि विचारते मला! शेवटी मी भिंत धरून धरून उठलो, खालून वॉचमनला बोलावलं, वरच्या मजल्यावरच्या शिंप्याला बोलावलं. चांगली माणसं हो दोघंही, एक शब्द वावगा नाही. उचललं, पलंगावर ठेवलं, गेले. पण उचलत होते तेव्हा ही भिंतीकडे बघत होती. अंगावर नुसता टॉवेल, केस ओले, परके दोन हात इकडून, दोन तिकडून... आणि मी मधे उभा, काय करत, तर 'हळू, हळू' म्हणत. दुसऱ्या दिवशी चहा पिताना मला म्हणाली, "पुन्हा पडले तर कुणाला बोलवायचं नाही." मी म्हटलं, "मग?" तर म्हणाली, "तुम्ही उचला. नाहीतर पडून राहू द्या तशीच."

आता याला उत्तर काय द्यायचं, तुम्हीच सांगा. मी घाबरलो. सरळ सांगतो, त्या दिवसापासून न्हाणीघराचं दार वाजलं की मी बाहेर जाऊन उभा राहायचो.

आणि तेवढ्यात आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक संशोधन सुरू होतंय, लहानांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्या वयांच्या लोकांची हालचाल, ताकद, तोल, सगळं तपासणार, व्यायाम शिकवणार, दोघंही जा. मी म्हटलं, सोन्याहून पिवळं! ताकद कमवतो आणि हिला उचलतो, पाहिजे तितक्या वेळा पडू दे!

गेलो. तो हॉल म्हणजे काय सांगू तुम्हाला... एका टोकाला शाळकरी पोरं दोन रेघांमधे पळतायत, मधे ऑफिसवाले कसलीशी मूठ दाबून लालबुंद झालेत, आणि या टोकाला आम्ही, खुर्च्यांवर. आम्हाला काय काम? तर उठायचं आणि बसायचं. हात छातीवर बांधून. "हात टेकायचा नाही हं काका." मी उठलो. उठताना तोंडातून असा काही आवाज निघाला, की पळणारी पोरं थांबून बघायला लागली. एक पोरगं म्हणतं कसं, "आजोबा, दुखतंय का?" म्हटलं, "नाही रे बाळा, इंजिन गरम होतंय."

आता सगळ्यांना व्यायाम मिळेल असं मला वाटलेलं. तर नाही! प्रत्येक वयाच्या माणसांची वेगळी सोडत. साठीवाल्यांची वेगळी, सत्तरीच्या पुढच्यांची वेगळी. अर्धे व्यायाम करणार, अर्धे काही करणार नाहीत, आणि कुणाला काय हे कॉम्प्युटर ठरवणार. ही साठीतली. हिला लागला व्यायाम. मी सत्तरी ओलांडलेला. मला लागलं... काही नाही!

मी त्या स्टॉपवॉचवालीला बाजूला घेतलं. म्हटलं, "ताई, मला ताकद हवीय." "कशासाठी काका?" आता मागे ही उभी. काय सांगणार? म्हटलं, "असंच." ती म्हणाली, "काका, व्यायामानं फरक पडतो हे कळायला व्यायाम न करणारे पण लागतात ना? सत्तरीच्या पुढचे आम्हाला मिळत नाहीत हो. तुम्ही कधीही सोडू शकता, पण राहिलात तर... फक्त तुमचं आहे तसंच चालू द्या."

तुम्हाला सांगतो, तिथं मी अडकलो. कारण ती काय म्हणते ते मला चांगलं कळलं होतं! एका पारड्यात माल घातला तर दुसऱ्या पारड्यात न बदलणारं वजन लागतंच की. ते वजन म्हणजे मी. आता वजनानंच गुपचूप दंडबैठका काढल्या तर तो काटा खरा कसा राहणार? धाकटा मुलगा फोनवर ओरडतोय, "बाबा, सोडून द्या ना सरळ, नाहीतर घरी चोरून करा, कोण बघतंय?" मी म्हटलं, "अरे, दुकानदार मला हेच म्हणायचे."

आणि लोकांना वाटतं, काही न करणं सोपं. करून बघा! आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती, मी आपला रोज जिना चढत होतो. सोडत झाली आणि चारच दिवसांत लिफ्ट दुरुस्त! आता आली का पंचाईत? आहे तसंच चालू द्या म्हणजे जिना. मी जिन्यानं. शिंपी लिफ्टचं दार धरून उभा, "काका, या की, चालू झाली!" म्हटलं, "तुमची झाली. माझी नाही." ही लिफ्टमधून वर जायची आणि दारात उभी राहून माझी वाट बघायची. व्यायाम करणारी लिफ्टमधे आणि न करणारा जिन्यावर धापा टाकतोय... आहे की नाही मजा? पुतण्यानं एकदा कपाट सरकवायला बोलावलं, मी गेलो नाही. त्याची बायको अजून बोलत नाही माझ्याशी.

खरी परीक्षा पुढेच होती. हिला शिकवायला त्या संशोधनवाल्यांच्या एक बाई घरी यायच्या. काय शिकवायच्या? तर पडल्यावर उठायचं कसं! कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, गुडघे टेकायचे, खुर्ची ओढायची, एक पाऊल रोवायचं आणि वर. म्हणजे जे मला हवं होतं, अगदी तेच, माझ्याच घरात, पलीकडच्या खोलीत! आणि मी बघायचं नाही. कुणी सांगितलं नव्हतं हो तसं. पण बघितलं की शिकणार, शिकलं की करणार. मीच उठून दार लावून घ्यायचो. बाई म्हणायच्या, "काका, बसा की." मी म्हणायचो, "नको, माझं आहे तसंच चालू द्या."

मग मी बाहेर पेपर घेऊन. आतून आवाज, "हां, आता खाली... सावकाश... आता वळा... घाई नाही काकू..." मग धप्प. मग खुर्ची ओढल्याचा आवाज. मग हिचा श्वास, मोठमोठ्यानं. बायकोचा असा श्वास ऐकत दाराबाहेर बसायचं आणि आत जायचं नाही, हे काय असतं ते मला विचारा. पेपरातलं एक अक्षर कळायचं नाही. पुढे पुढे बाई नसतानाही ही दुपारी एकटीच दार लावून सराव करायला लागली. धप्प, खुर्ची, श्वास. धप्प, खुर्ची, श्वास. मला सवय झाली.

आणि एका दुपारी धप्प झालं. जरा जोरात झालं. मी मनात म्हटलं, आज उत्साह दिसतोय! पान उलटलं. पुढे काही नाही. खुर्ची नाही, श्वास नाही. म्हटलं, बाईंनी नवीन काहीतरी दिलं असेल, पडून राहायचं वगैरे. बराच वेळ गेला हो. मग काहीतरी घासल्यासारखं. मग खुर्ची. थोडी ओढली, थांबली, पुन्हा ओढली. मग दार उघडलं. ही दारात, केस सुटलेले, कोपर सोललेलं. म्हणाली, "पडले."

मी म्हटलं, "हो, ऐकलं की."

"अहो, खरी पडले."

आता काय सांगू तुम्हाला... माझ्या हातातून पेपर गळाला. दाराला कडीसुद्धा नव्हती. नुसतं ढकललं असतं तर उघडलं असतं. ज्या एका गोष्टीसाठी मी तिथं गेलो होतो, ती गोष्ट भिंतीपलीकडे घडत होती, आणि मी काय करत होतो? काटा सांभाळत होतो! म्हटलं, "अगं, हाक नाही का मारायचीस?" तर शांतपणे म्हणते, "मारणार होते. मग म्हटलं, तुम्ही येणार, वाकणार, आणि दोघं पडणार. मग वॉचमनला बोलवायला जाणार कोण?" आणि हसली. खूप दिवसांनी हसली हो. कोपर धुतलं, औषध लावलं, मला म्हणाली, "चेहरा काय पाडलाय? उठले ना मी? माझी मी उठले!" मला इतका आनंद झाला, आणि रडायलाही आलं.

शेवटच्या तपासणीला पुन्हा तोच हॉल, तीच खुर्ची. ही भराभर उठते बसते, बाकीचे टाळ्या वाजवतायत. मी उठलो, तोच आवाज. स्टॉपवॉचवाली खूश, "काका, तुमच्यात काहीच फरक नाही! फार छान!" आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं असं कौतुक केलं. मग म्हणाली, "आता तुमच्या गटालाही शिकवणार आहोत. तुम्हाला ताकद हवी होती ना? कशासाठी ते सांगितलंच नाहीत तुम्ही."

म्हटलं, आता लपवायचं काय? सांगितलं. "हिला उचलायचं होतं."

ती मुलगी उगाच स्टॉपवॉचची बटणं दाबत बसली. मग ही म्हणाली, "तेवढ्यासाठी आला होतात? माझ्याशी बोलायचंत तरी." मी म्हटलं, "बोललो असतो तर?" तर म्हणाली, "तर म्हटलं असतं, माझं मी बघते, तुम्ही आधी स्वतः खुर्चीतून न ओरडता उठा."

आता ही रोज मला जमिनीवरून उठायला लावते. "हं, कुशीवर... घाई नाही... आता कोपर..." अगदी त्या बाईंच्या आवाजात. मी करतो. जमतंय हळूहळू. पण मनातलं सांगू? कमावलेल्या ताकदीचं करायचं काय, हा प्रश्न आहेच. हिला गरज नाही. मी हट्ट धरला, की निदान भाजीची पिशवी तरी माझ्याकडे दे. दिली. म्हणजे काय, तर एक बंद माझ्या हातात, एक तिच्या. आणि तिनं तिचा बंद असा वर आखडून धरलेला असतो, की सगळा भार तिच्याकडे, माझ्याकडे नुसता बंद. मला कळतं. मी बोलत नाही. आम्ही दोघं आपले रस्त्यानं चालतो... आणि लोक म्हणतात, बघा, या वयातही काका किती मदत करतात!